भाड्याच्या गणितातले गृहीतक

प्रश्न : माझे वय 54 असून मी सोलापूरला महाविद्यालयात शिकवतो. पुण्यात खराडीला 80 लाखांचा तयार टू बीएचके फ्लॅट भाड्याने देण्यासाठी घ्यावा असा विचार आहे. जवळ 38 लाख आहेत. 50 लाखांचे कर्ज 15 वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी मिळते आहे. महिना 26,000 भाडे येईल आणि ते दर वर्षी 10 टक्क्यांनी वाढेल, म्हणजे सात वर्षांत हप्ता भाड्यातूनच सुटेल, असे एजंट म्हणतो. हे बरोबर आहे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : बेरीज-गुणाकार बरोबर आहे, पण त्यातला प्रत्येक आकडा ज्याला फ्लॅट विकायचा आहे त्याने दिलेला आहे. सात टक्के मुद्रांक शुल्क, 30,000 रुपये नोंदणी फी आणि ट्रॉल्या, गिझर, पंखे धरून घर आपल्याला सुमारे 88 लाखांना पडेल. भाडेकरू बदलताना वर्षाकाठी एक महिना रिकामा जातो असे धरा, म्हणजे 2,86,000 रुपये हाती येतील. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर (स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिका देते ती 40 टक्के सवलत भाड्याच्या घराला नाही), दलाली आणि रंगकाम यांचे मिळून माझ्या अंदाजाने 94,000 वजा केले, तर 1,92,000 उरतात. महिन्याला 16,000. हप्ता मात्र सुमारे 49,200 आहे.

खरी मेख दहा टक्क्यांत आहे. अकरा महिन्यांच्या करारात पाच टक्के वाढ लिहिण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि शेजारची नवी इमारत ताब्यात आली की चांगला भाडेकरू टिकावा म्हणून मालक तीही सोडून देतो. पाच टक्के धरल्यास सात वर्षांनी भाडे 50,000 नव्हे, तर 36,600 च्या आसपास असेल, आणि तेही खर्च वजा न करता. तोवर आपण निवृत्त झालेले असाल आणि कर्जाची आठ वर्षे बाकी असतील. मार्च 2020 नंतर आयटीतली मुले गावी परतली तेव्हा पुण्यातले अनेक फ्लॅट महिनोन्‌महिने रिकामे होते. माझाही चार महिने होता, मेंटेनन्सचे बिल मात्र एकदाही चुकले नाही.

म्हणून आकडे घरबसल्या न मानता तिथे जाऊन पाहावेत. त्याच इमारतीतला फ्लॅट आपल्याला भाड्याने हवा आहे, असे सांगून दुसऱ्या दलालाला फोन करावा. मालकाला सांगितले जाणारे भाडे आणि भाडेकरूला सांगितले जाणारे भाडे यांत बरेचदा तीन-चार हजारांची तफावत निघते. सोसायटीच्या सचिवांकडे भाडेकरारांच्या प्रती असतात. किती घरे भाड्याने आहेत आणि गेल्या वर्षी करार कितीला झाले, हे त्यांना विचारावे. कामाच्या दिवशी रात्री आठला समोरच्या रस्त्यावर उभे राहून किती खिडक्यांत दिवे आहेत तेही मोजावे. मी असा मोजमाप करणारा माणूस वॉचमनला चोर वाटलो होतो, पण त्यानेच पुढे कोणते मजले रिकामे आहेत ते सांगितले.

मग 22,000 भाडे, दोन महिने रिकामे आणि पाच टक्के वाढ धरून तक्ता पुन्हा मांडावा आणि निवृत्तिवेतनातून दरमहा किती भर घालता येईल ते त्याशेजारी लिहावे. ही भर झेपत नसेल, तर कर्ज 25 लाखांवर येईल एवढा स्वस्त वन बीएचके पाहावा. टोकनसाठी एजंट रविवारची मुदत देईल. तक्ता पुरा होईपर्यंत ते देऊ नये.