सूक्ष्म जीव पोहताना आजूबाजूचे कण खरंच वाहून नेतात का?

नेतात, पण हमालासारखे पाठीवर घेऊन नाही. तुम्ही विचारलंय, ‘एक जीव एक कण किती लांब नेतो?’ एकटा असेल तर फारसा नाही. तो लांबून गेला की कण एक छोटंसं वेटोळं घेतो आणि जवळपास मूळ जागी येतो. खरी गंमत झुंडीत आहे.

मी उत्तर गोव्यात एका कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळतो. मिठागरातल्या पाण्यात ड्युनालिएला नावाचं शेवाळ असतं, एकाच पेशीचं, दोन शेपट्यांचं. ते सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं, तर चिखलाचे कण सगळे एकाच बाजूला सरकताना दिसले आणि मी खूश! नंतर लक्षात आलं, काचपट्टीची कड सुकत होती आणि पाणीच तिकडे ओढलं जात होतं. कडांना व्हॅसलीन लावल्यावर ती मिरवणूक थांबली.

मग उरली ती खरी हालचाल. कण बराच वेळ जागच्या जागी थरथरतो (ही ब्राउनची थरथर, पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांची) आणि एखादी पेशी अगदी घासून गेली की एकदम उडी मारतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नाही का, मुद्दाम कोणी ढकलत नाही, पण तासाभराने तुम्ही भलत्याच टोकाला असता.

केंब्रिजमध्ये २००९ साली क्लॅमिडोमोनासवर (हेही एकाच पेशीचं, दोन शेपट्यांचं शेवाळ) हे मोजलं गेलं: पेशी जितक्या दाट, तितकं कणांचं भटकणं जास्त. त्याआधी २००० साली साबणाच्या पातळ पडद्यात ई. कोलाय जिवाणू सोडून १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मणी पाहिले होते. सुरुवातीला मणी एका दिशेने रेटला जायचा, पुढे दिशा विसरून भटकायचा.

पोहण्याची तऱ्हाही वेगळी. ई. कोलाय मागची शेपटी फिरवून पाणी पुढे-मागे ढकलतो नि बाजूंनी आत ओढतो. क्लॅमिडोमोनास पुढच्या दोन शेपट्यांनी हातांसारखं वल्हवतो, त्याचं बरोब्बर उलट. आणि या आकाराला पाणी काकवीसारखं वाटतं. शेपटी थांबली की ई. कोलाय अणूच्या व्यासाएवढंही पुढे घसरत नाही.

स्वतः बघायचं असेल तर त्याच पाण्याच्या दुसऱ्या थेंबात आयोडीन घाला, कडा बंद करा, पाच मिनिटं थांबा. पेशी मरतात, उड्या बंद होतात, नुसती थरथर राहते.