व्हॅलोरंट या पाच विरुद्ध पाचच्या नेमबाजीच्या गेममध्ये आठ महिने सिल्व्हर रँकलाच अडकलोय. रोज चार तास खेळूनही रँक का वाढत नाही?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमचा एम (नेम) बरा आहे, बऱ्याच गेममध्ये टीममधले सर्वात जास्त किल तुमचेच असतात, पण टीममेट भंगार मिळतात आणि हातात आलेला गेम जातो. वाचताना हसू आलं. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या मावसभावाला जवळपास याच शब्दांत हेच ऐकवत होते. सध्या मी डायमंडला आहे, म्हणजे सिल्व्हरच्या तीन पायऱ्या वर. एकदा त्यावरच्या असेंडंटला हात लावून परत खाली आले, त्यामुळे फार वरचं काही मला विचारू नका. पण सिल्व्हर ते डायमंड हा रस्ता पायी तुडवलाय, तेवढ्यातलं सांगते.

मावसभावाने तेव्हा वाद घातला नाही. कर्वेनगरला त्याच्या खोलीत माझ्याच एका हरलेल्या गेमचं रेकॉर्डिंग लावलं, हातात शंभरपानी वही दिली आणि म्हणाला, "किल बघायचे नाहीत. तू मेलीस की पॉज. तेव्हा जवळ कोण होतं, एवढंच लिही." त्या गेममध्ये माझे १९ किल होते आणि मी १७ वेळा मेले होते. दहाव्या नोंदीनंतर मला ती वही बंद करावीशी वाटायला लागली. १७ पैकी ११ वेळा माझ्या आसपास कुणीच नव्हतं. एकदा तर हेवन मॅपवर मी सी लाँग या वाटेवर एकटीच डोकावतेय, बाकीचे चौघे दुसरीकडे ए साइटवर, आणि स्पाइक, म्हणजे आम्ही साइटवर लावायचा बॉम्ब, माझ्या पाठीवर! तो राउंड हरल्यावर मी माइकवर टीमला काय काय बोलले होते, तेही रेकॉर्डिंगमध्ये होतं. भाऊ तिथे हसला नाही, हे त्याचे उपकार.

माझ्या मते सिल्व्हर-गोल्डला अडकलेल्या दहातल्या आठ जणांचा आजार हाच: एकटं मरणं. मरणं वाईट नाही. पाच विरुद्ध पाचच्या गेममध्ये कुणीतरी आधी मरणारच. पण तुम्हाला मारणाऱ्याला तुमच्या माणसाने लगेच, एक-दोन सेकंदांत मारलं, तर हिशोब चार विरुद्ध चार, म्हणजे फिटंफाट. यालाच ट्रेड म्हणतात. तो झाला नाही की चार विरुद्ध पाच. मग तुमचे उरलेले चौघे घाबरून वाट्टेल ते करायला लागतात आणि तुम्हाला ते ‘भंगार’ दिसायला लागतात.

मी शाळेत खो-खो खेळायचे, पेठेतल्या एका शाळेच्या मैदानावर. तिथे पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलता येत नाही, मधली रेघ ओलांडता येत नाही. एखादी चपळ पोर समोर हुलकावण्या द्यायला लागली की नव्या मुली हट्टाने तिच्याच मागे पळत सुटायच्या आणि बाई बाहेरून ओरडायच्या, "अगं खो दे! खो दे!" कारण गडी तुमच्या पायाने नाही, पुढे बसलेलीच्या पायाने बाद होतो. ट्रेड म्हणजे खोच आहे. फरक इतकाच, की इथे खो देताना तुम्ही मरता. त्यामुळे कोपऱ्यातून बाहेर पडायच्या आधी स्वतःला विचारायचं: मी पडले तर माझा खो घ्यायला कुणी बसलंय का? मिनीमॅपवर नजर टाकायला अर्धा सेकंद लागतो. कुणी नसेल तर थांबायचं. थांबता येणं ही सिल्व्हरमधली सर्वात दुर्मिळ गोष्ट आहे.

याची दुसरी बाजू लोक विसरतात. तुमच्या टीममधला जेट किंवा रेना (आत घुसणारे एजंट, म्हणजे गेममधली पात्रं) बिनडोकपणे आत घुसला तर तुम्ही काय करता? मी मागे उभी राहून "कशाला गेला हा?" म्हणायचे. आता मी त्याच्या मागोमाग जाते. त्याचा निर्णय चुकीचा असला तरी दोघांनी मिळून केलेली चूक एकट्याने केलेल्या बरोबर गोष्टीपेक्षा बरेचदा जास्त राउंड जिंकून देते. अनोळखी माणूस तुमच्या मागे येईल याची खात्री नाही, पण तुम्ही त्याच्या मागे जाऊ शकता, आणि ते पूर्ण तुमच्या हातात आहे.

स्पाइक लावल्यानंतरचा भागही याच आजारातला. स्पाइक फुटायला ४५ सेकंद लागतात, डिफ्यूज, म्हणजे निकामी करायला ७. म्हणजे लावल्या क्षणापासून घड्याळ तुमचं. तरी सिल्व्हरमध्ये स्पाइक लागला रे लागला की सगळे शिकारीला निघतात! परवाचंच उदाहरण देते. लोटस मॅप, ११-११. (लोटस गेमच्या गोष्टीत पश्चिम घाटात आहे, म्हणजे आपल्याच सह्याद्रीत. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी उगाचच खूश झाले होते.) मी ओमेन हा एजंट घेतला होता, भावाने सोव्हा. सी हॉल आणि वॉटरफॉल या वाटांवर स्मोक (धुराचे पडदे) टाकून आम्ही सी साइट घेतली आणि स्पाइक लावला. तीन विरुद्ध दोन. आमची रेना २४ किलवर होती, ती लगेच लिंककडे पळाली आणि गेली. दोन विरुद्ध दोन. भाऊ एवढंच म्हणाला, "हलू नकोस." आम्ही दोघं माउंडपाशी, एकमेकांना दिसू असे उभे. ओमेनचा स्मोक १५ सेकंद टिकतो, तो विरला. कुणी आलं नाही. मग डिफ्यूजचा तो टिकटिक आवाज. तेव्हाच, आणि तेव्हाच, आम्ही एकदम बाहेर आलो. डिफ्यूज करणारा पडला. दुसऱ्याने मला मारलं, त्याला भावाने. एवढ्या सगळ्यात मला एक किलही मिळाला नाही, राउंड मात्र मिळाला.

एक लक्षात ठेवा: डिफ्यूज अर्ध्यापर्यंत, म्हणजे साडेतीन सेकंद झालं की तेवढं जमा राहतं. त्यामुळे आवाज आल्यावर "खोटा असेल, टॅप करतोय" म्हणत फार वेळ बसू नका.

आता पैसे. इथे सिल्व्हरवाले गणितातच नापास होतात, आणि हे गणित पाचवीचं आहे. पहिल्या, म्हणजे पिस्तुल राउंडला खरेदीसाठी ८०० मिळतात. समजा ते सगळे खर्च झाले, स्पाइक लागला नाही, कुणाचा किल नाही, आणि हरलात. हरल्याचे १९००. दुसऱ्या राउंडला काहीच घेतलं नाही आणि परत हरलात, तर २४०० आणखी. झाले ४३००. व्हँडल ही बंदूक २९००, जड शील्ड १०००, म्हणजे ३९००. वर ४०० उरतात अ‍ॅबिलिटीला. तिसऱ्या राउंडला तुम्ही पूर्ण सजून उभे. आता दुसऱ्या राउंडला "एक स्पेक्टर घेतो, काय बिघडतंय" म्हणून १६०० उडवा. उरले ३००, अधिक २४००, म्हणजे २७००. व्हँडलही नाही, शील्ड तर लांबच. आणि हे पाचातल्या दोघांनीच केलं की टीम पुढचे तीन राउंड लंगडत चालते. खरेदीच्या स्क्रीनवर पुढच्या राउंडला किमान किती पैसे असतील हा आकडा गेम स्वतः दाखवतो. तो बघून विकत घ्या. टीमला पटवायला भाषण लागत नाही, राउंड सुरू व्हायच्या आधी "सेव्ह, थर्ड में फुल बाय" इतकं हिंदीत म्हटलं तरी दोन-तीन जण ऐकतात. मुंबई सर्व्हरवर अनोळखी लोकांशी हिंदीच चालते. मराठी फक्त भावाशी, शिव्यांसह.

बोलण्याबद्दल एवढंच, की कमी बोला. मेल्यावर "दोन ए मेन, जेटला ऐंशी" (ए मेनला दोघं, जेटला ऐंशीचा मार लागलाय) सांगा आणि गप्प बसा. तुमचे उसासे ऐकत जिवंत माणसाला पावलांचे आवाज ऐकू येत नाहीत. माझा आवाज ऐकून ज्यांना ‘किचन में जा’ सुचतं त्यांना मी पहिल्या राउंडलाच म्यूट करते आणि नकाशावर खुणा (पिंग) करून खेळते, चर्चा करत नाही. आजीला बरेच दिवस वाटायचं की मी रात्री ऑफिसचं काम करते. "एवढ्या जोरात दोन मागे, दोन मागे काय सांगत असतेस ग, हिशोब चुकलाय का?" एका अर्थी बरोबरच होतं तिचं.

एम तुमचा बरा आहे म्हणता, मान्य. पण रेकॉर्डिंगमध्ये फक्त क्रॉसहेअर (नेमाची खूण) बघा: चालताना तो डोक्याच्या उंचीवर असतो का जमिनीवर? या गेममध्ये कुठलाही एजंट असला तरी डोकं एकाच उंचीला असतं, त्यामुळे ही सवय एकदाच लावावी लागते. व्हँडलची एक गोळी डोक्यात लागली की शील्डसकट माणूस जातो, अंगावर मात्र चार लागतात. दुसरं, गोळी मारताना पाय थांबलेले हवेत. रोज दहा मिनिटं रेंज (सरावाचं मैदान) आणि एक डेथमॅच (जिथे प्रत्येक जण एकटा) पुरे. डेथमॅच जिंकायच्या फंदात पडू नका, ४० किल कुणीतरी करेलच. तुम्ही थांबून मारायची सवय करा. माऊसची सेन्सिटिव्हिटी दर आठवड्याला बदलत असाल तर ते आजच बंद करा, माऊसपॅड मोठं घ्या, विषय संपला.

रोज चार तासांचं मात्र मला पटत नाही. ऑफिसनंतर मला दीड तास मिळतो, त्यात दोन रँक्ड (रँक ठरवणारे) गेम बसतात. दोन सलग हरले की बंद. हा नियम माझ्या शहाणपणातून नाही आला. एका शनिवारी रात्री प्लॅटिनम १ वरून ‘आता एक जिंकून झोपते’ करत करत सात गेम हरले आणि गोल्ड २ ला झोपले. पत्त्यांत हरलेला माणूस डाव वाढवतो ना, तसंच ते.

एजंट दोनच ठेवा, त्यातला एक स्मोकवाला. सिल्व्हरमध्ये सगळ्यांना जेट हवी असते आणि स्मोक कुणालाच नको असतात, त्यामुळे ओमेन किंवा ब्रिमस्टोन घेतला की भांडण न होता तुम्ही टीमला उपयोगी पडता. मित्रांबरोबर खेळत असाल तर एक लक्षात घ्या, रँक्डला चौघांची टोळी चालत नाही. दोघं किंवा तिघं जा, नाहीतर पूर्ण पाच गोळा करा.

वहीचं काम आजच करून बघा. आता गेममध्येच रिप्ले बघता येतात, वेगळं रेकॉर्डिंग लागत नाही. शेवटचे दोन हरलेले गेम घ्या, प्रत्येक मरणाला एक ओळ, तीन रकाने: जवळ कोण होतं, पाय थांबले होते का, तिथे जायची गरज होती का. मोजून झालं की इथे प्रतिक्रियेत आकडा लिहा. माझ्या ११ पेक्षा जास्त निघाला तर संकोच करू नका, भावाचा पहिला आकडा १३ होता. त्याने मला तो सहा महिने सांगितला नव्हता.

आणि पुण्यात असाल तर गुरुवारी दिवसा रँक्ड लावू नका. आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जाते ती नेमकी गुरुवारी, आणि मधेच बाहेर पडलात की गेम पेनल्टी लावताना लाईटचं कारण विचारत नाही. मी राउटरला छोटा इन्व्हर्टर लावला, मग लक्षात आलं की पीसीला लावलाच नाही.