सांगलीच्या गणपती पेठेत भाडेकरूसह जुना गाळा ६० लाखांना मिळतोय, जागा मोक्याची आहे. ४० लाख कर्ज काढून घ्यावा का?

भाडेकरू किती वर्षांपासून बसलाय आणि भाडं किती देतो, तेच तुम्ही लिहिलेलं नाही. "जागा मोक्याची आहे" एवढंच लिहिलंय. आमच्या दादानंही २०१३ साली मला एवढंच सांगितलं होतं.

आम्ही दोघा भावांनी त्याच पेठेत ३८ लाखांना गाळा घेतला. मी म्हणत होतो, विश्रामबागेकडं रिकामा गाळा बघू. दादाचं एकच, संस्थानाच्या वेळची पेठ, इथं भाव पडतो का कधी? आत हळद-मसाल्याचे व्यापारी, आम्ही त्यांना काका म्हणायचो. भाडं १,८५०. दादा म्हणाला, "खरेदी होऊ दे, मग वाढवू." झाली खरेदी. १५ हजारांची नोटीस धाडली, तर काकांनी जुन्याच भाड्याची मनीऑर्डर सुरू केली, दर पाच तारखेला, न चुकता. वकील म्हणाला, भाडे नियंत्रण कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढवा. म्हणजे ७४ रुपये!

कर्जाची गंमत वेगळीच. प्रॉपर्टी कार्डावर चार वारस, एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक, मंजूर नकाशा कुणी बघितलेलाच नाही. बँकेचा व्हॅल्युअर (जागेची किंमत ठरवणारा) आला, "आत कोण आहे?" विचारलं आणि वही मिटली. शेवटी २० लाख घरावर काढले. घर माझं, दादाचं नव्हे. हप्ता २८ हजार ७००.

काकांनी २००५ च्या पुराची खूण म्हणून खांबावर निळ्या ऑइलपेंटची रेघ मारून ठेवली होती. ऑगस्ट २०१९ ला पाणी चढायला लागलं तशी सगळी पोती त्यांनी माळ्यावर, रेघेच्या हातभर वर रचली. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ च्या पुढं गेलं. ओसरल्यावर शटर पहारीनं उचकटलं. पोती फुगून फाटलेली, गुडघाभर पिवळा चिखल, आणि काका त्या रेघेकडं बघत उभे. सहा वर्षं आम्ही वकिलामार्फतच बोलत होतो. त्या दिवशी दोघांनी मिळून फावडं चालवलं. दुरुस्तीचे १ लाख ६० हजार मात्र माझे, कारण कायद्यानं दुरुस्ती मालकाकडं.

दादा अजून ऐकवतो, आज गाळ्याचे ६० येतील. येऊ देत. बारा वर्षांत ३८ चे ६० म्हणजे वर्षाला ४ टक्क्यांच्याही आत. एफडीत जास्त मिळाले असते, तेही चिखल न काढता. शिवाय ६० कागदावरचे. विचारायला येणारा ४५ च्या वर बोलत नाही.

आता तुमचं. ४० लाख, १५ वर्षं, १० टक्के धरले तर हप्ता ४३ हजारांच्या आसपास. जुन्या भाडेकरूकडून तेवढं भाडं जन्मात येणार नाही. घेऊ नका. घ्यायचाच असेल तर भाडेकरूशी मिटवून जागा मोकळी करून द्यायला आत्ताच्या मालकाला सांगा, खरेदीखत त्यानंतर. "आम्हाला स्वतःला जागा पाहिजे" म्हणून पुढं दावा लावू, या भरवशावर तर अजिबात नको. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेचे आधीचे व्यवहार तपासलेला) काढाच, आणि पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारा निळ्या-लाल पूररेषेचा नकाशा स्वतः बघा, एजंटच्या मोबाईलवर नको.

हां, भाडेकरू एखादी बँक किंवा १ कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल (भागधारकांनी भरलेले पैसे) असलेली कंपनी असेल तर हा भाडे नियंत्रण कायदा तिला लागू नाही. भाडं कराराप्रमाणं, मग हिशेब वेगळा. आणि तुम्ही स्वतः पेठेत धंदा करणार असाल, जागा मोकळी मिळत असेल, तर माझं सगळं सोडून द्या. तुमचे पैसे गिऱ्हाइकाकडून निघतील.

भावासोबत घेत असाल तर तारण कुणाचं आणि हप्ता कुणाचा, हे आधी लिहून घ्या. आमचं कर्ज २०२३ ला फिटलं. कुणी किती भरले हा विषय अजून दर दिवाळीला निघतो, आणि वहिनी फराळाचं ताट आणून मधे ठेवते.