'विकसनशील'मधला 'शील'

प्रश्न असा आहे: विकसित, विकसनशील आणि अविकसित देश यांत नेमका फरक काय, विकसनशील देश विकसित कधी ठरतो, आणि 'विकासशील' म्हटलं तर चुकतं का?

आधी व्याकरण पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. 'विकस्' म्हणजे उमलणे. त्याला 'त' लागून 'विकसित' झालं, म्हणजे उमललेलं, क्रिया पुरी झालेलं. 'शील' म्हणजे स्वभाव. सहनशील माणूस या क्षणी काही सोसत असेलच असं नाही, पण सोसणं हा त्याचा पिंड असतो. तसंच 'विकसनशील' म्हणजे उमलण्याचा गुण अंगी असलेला. इंग्रजीतला 'डेव्हलपिंग' मात्र क्रिया आत्ता चालू आहे असं सांगतो. त्यासाठी 'विकसमान' सुचवला जातो, पण संस्कृतात धातूंचे आत्मनेपदी आणि परस्मैपदी असे प्रकार आहेत; वर्धमान, वर्तमान यांतला 'मान' आत्मनेपदी धातूंना लागतो आणि 'विकस्'मधला मूळ धातू 'कस्' परस्मैपदी आहे. त्यामुळे मला तो खटकतो.

हा फरक नुसता पंडिती नाही. २००० नंतर झिम्बाब्वेची अर्थव्यवस्था कित्येक वर्षं आक्रसत गेली. त्या काळात तो देश 'विकसत' नव्हताच, तरी त्याची गणना 'डेव्हलपिंग'मध्येच होत राहिली. इंग्रजी शब्द तिथे खोटा पडतो. मराठी शब्द पडत नाही, कारण उमलण्याची क्षमता वाईट दिवसांतही शिल्लक असू शकते. आपल्या भाषेनं इथे अधिक बरा शब्द निवडला, असं मी मनापासून मानतो.

'अविकसित'बद्दल मात्र तक्रार आहे. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांच्या २० जानेवारी १९४९ च्या शपथविधीच्या भाषणातून 'अंडरडेव्हलप्ड' प्रदेश हा शब्दप्रयोग जगभर पसरला. त्यातल्या 'अंडर'चा अर्थ कमी, अपुरा. आपण लावला 'अ', आणि 'अ' म्हणजे सरळ अभाव. एका अक्षरात आख्ख्या देशाच्या पदरी शून्य टाकलं. संयुक्त राष्ट्रांनी १९७१ मध्ये सर्वांत मागे राहिलेल्या देशांचा वेगळा गट केला, त्यासाठी 'अल्पतम विकसित' हा नेमका शब्द आहे. तोच वापरावा.

आता 'विकसित कधी ठरतो?' याला सर्वमान्य रेषाच नाही. अल्पतम विकसितांच्या यादीतून बाहेर पडण्याचे निकष ठरलेले आहेत: दरडोई उत्पन्न, आरोग्य-शिक्षणाची स्थिती आणि आर्थिक-पर्यावरणीय धक्के सोसण्याची ताकद. बोट्स्वाना १९९४ मध्ये बाहेर पडला, भूतान २०२३ मध्ये. विषुववृत्तीय गिनी २०१७ मध्ये बाहेर पडला तो मात्र निव्वळ उत्पन्नाच्या जोरावर. तेलाचा पैसा आला, पण आरोग्य-शिक्षण त्या मानानं मागेच राहिलं. अशा देशाला काय म्हणणार? उत्पन्न एक सांगतं, आयुर्मान दुसरंच. नेमक्या याच अडचणीतून १९९० मध्ये उत्पन्नासोबत आयुर्मान आणि शिक्षणही मोजणारा मानव विकास निर्देशांक आला.

'विकसित'च्या बाजूला तर असे निकषही नाहीत. जागतिक व्यापार संघटनेत देश स्वतःच स्वतःला विकसनशील म्हणवतो आणि त्या नात्यानं सवलती मागू शकतो. दक्षिण कोरियानं २०१९ मध्ये पुढच्या वाटाघाटींत अशा सवलती मागणार नाही असं जाहीर केलं, आणि २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेनं त्याला विकसित देशांच्या गटात बसवलं. जागतिक बँकेनं तर २०१६ मध्ये आपल्या विकास निर्देशकांतून 'विकसित-विकसनशील' ही जोडीच काढून टाकली. मलावी आणि मेक्सिको एकाच शब्दाखाली कोंबण्यात अर्थ नव्हता. बँक आता उत्पन्नाचे चार गट सांगते: कमी, निम्न-मध्यम, उच्च-मध्यम आणि उच्च. म्हणून लिहिताना पैशाबद्दल बोलत असाल तर 'उच्च उत्पन्नाचा देश' म्हणा, आणि 'विकसित' लिहिलंत तर कोणाच्या यादीनुसार तेही सांगा. 'प्रगत' हा शब्दही मला आवडतो. त्याचा अर्थ पुढे गेलेला, आणि पुढे गेलेल्याला अजून वाट उरलेली असते. 'विकसित'मध्ये ती संपलेली वाटते.

राहिला 'विकासशील'. व्याकरणाच्या दृष्टीनं तो शुद्धच आहे; 'विचारशील' चालतो तसा हाही चालतो. पण तो हिंदीत रुळला आणि मराठीत 'विकसनशील'. मराठी मजकुरात मी 'विकसनशील'च लिहीन. फक्त 'शी' दीर्घ हवा. 'विकसनशिल' हे सर्रास दिसतं, पण ते चूक आहे.