पेशी विषाणूसाठी कुलूप ठेवतेच कशाला? आणि कोंबडीच्या फ्लूची किल्ली माणसाला का लागत नाही?

रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि विषाणू म्हणजे किल्ली असं शाळेत शिकवलं, मग पेशीने असलं कुलूप ठेवलंच कशाला, असं तुम्ही विचारलंय. घरची पोल्ट्री आहे, म्हणून बर्ड फ्लूचंही विचारलंय. फ्लूच्या विषाणूंवर प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे मी फ्लूबद्दलच सांगते.

पेशी विषाणूसाठी काहीच ठेवत नाही. तिच्या आवरणावर साखरेच्या लहान लहान साखळ्या असतात आणि त्यातल्या पुष्कळ साखळ्यांच्या टोकाला सियालिक आम्ल असतं. ते पेशीच्या स्वतःच्या कामाचं आहे. उदाहरणार्थ, रक्तातल्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटत नाहीत, कारण या आम्लाचा ऋण भार त्यांना लांब ठेवतो. फ्लूच्या विषाणूने नेमकं तेच टोक धरायला घेतलं.

हे साध्या डोळ्यांनी बघता येतं. 96 खळग्यांची प्लेट घ्यायची आणि कोंबडीच्या धुतलेल्या तांबड्या पेशी प्रत्येक खळग्यात सोडायच्या. जिथे विषाणू नाही, तिथे अर्ध्या-पाऊण तासात पेशी तळाला बसतात आणि टिकलीएवढा लाल ठिपका दिसतो. प्लेट तिरकी केली की त्या ठिपक्यातून ओघळ निघतो. विषाणू असेल तिथे ठिपका पडतच नाही. एकेक विषाणू दोन-दोन पेशींना धरून बसतो, त्यांचं जाळं होतं आणि खळगाभर फिकट लाली पसरून राहते. 1941 मध्ये जॉर्ज हर्स्ट अंड्यात वाढवलेला विषाणू काढत असताना पिल्लाच्या गर्भाची रक्तवाहिनी फाटली, रक्त त्यात मिसळलं आणि पेशींच्या गुठळ्या झाल्या. या चाचणीची सुरुवात तिथून झाली. विषाणू ज्या काट्यांनी पेशीला धरतो, त्यांना 'हिमॅग्लुटिनिन' (रक्तपेशींच्या गुठळ्या करणारं) म्हणतात ते यावरूनच.

आता कुलूप-किल्लीबद्दल. ही उपमा मला फारशी पटत नाही. एका काट्याची एका साखरेवरची पकड अगदीच कमजोर असते. पण एका विषाणूवर असे काटे शेकड्यांनी असतात. गवतातून चालताना धोतराला किंवा साडीला कुसळं लागतात तसं समजा. एक कुसळ सहज झटकता येतं, पण काठभर लागली की निघता निघत नाहीत. दुसरी गोष्ट अशी की, तेच आम्ल आपल्या नाकातल्या शेंबडातही भरपूर असतं आणि विषाणू तिथेच अडकतो. म्हणून त्याच्याकडे ते आम्ल कापणारी न्युरामिनिडेज नावाची कात्रीही असते. नवे विषाणू पेशीतून सुटतात तेही हीच कात्री चालवून. टॅमीफ्लू हे फ्लूवरचं औषध याच कात्रीला अडवतं.

चिकटल्यावर पेशी त्याला आवरणाच्या पुरचुंडीत गुंडाळून स्वतःच आत नेते. आतलं पाणी हळूहळू आम्लधर्मी होतं आणि पीएच साडेपाच-पाचवर आला की हिमॅग्लुटिनिन उलगडतं. त्यात दडलेलं टोक पुरचुंडीच्या आवरणात घुसतं, दोन्ही आवरणं एक होतात आणि विषाणूची जनुकं पेशीत मोकळी होतात. आतलं पाणी आम्लधर्मी झालं नाही, तर विषाणू त्या पुरचुंडीतच अडकून राहतो.

कोंबडी आणि माणूस यांच्यातला फरक अगदी बारीक आहे. सियालिक आम्ल आपल्या आधीच्या साखरेला तिसऱ्या कार्बनवर जोडलेलं असू शकतं किंवा सहाव्या. जोडणी बदलली की साखळीचं वळण बदलतं. पक्ष्यांच्या फ्लूला तिसरी जोडणी लागते. आपल्या नाका-घशात मुख्यतः सहावी असते. तिसरी आपल्यात आहे, पण मुख्यतः फुप्फुसाच्या अगदी खोल भागात. म्हणून ज्याला बर्ड फ्लू होतो त्याला न्यूमोनिया जबर होऊ शकतो, पण खोकल्या-शिंकेतून तो दुसऱ्याला सहसा देत नाही. हा एकच अडसर नाही, पण मोठा आहे.

2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला एच5एन1 हा बर्ड फ्लूचा विषाणू आला. भारतातल्या कोंबड्यांमध्ये तो पहिल्यांदा सापडला तो तिथेच. लाखो पक्षी मारावे लागले आणि कित्येक कुटुंबांचा धंदा बसला. माणसांचे नमुने तपासले, त्यात लागण आढळली नाही. त्या दिवसांत मला या तिसऱ्या-सहाव्या जोडणीचे जे उपकार वाटले, ते अजून वाटतात.

पण हा अडसर कायमचा समजू नका. अमेरिकेत गाईंमध्ये शिरलेल्या एच5एन1 चं फक्त हिमॅग्लुटिनिन घेऊन 2024 मध्ये तपासलं, तेव्हा 226 व्या जागचं एकच अमिनो आम्ल बदलल्यावर त्याची पकड सहाव्या जोडणीकडे वळली. विषाणू जितक्या माणसांत शिरेल, तितक्या वेळा त्याला असा बदल करून बघायला मिळतो. तेव्हा शेडमध्ये एकाएकी कोंबड्या मरायला लागल्या, तर उघड्या हातांनी उचलू नका आणि घरच्या पोरांना तिकडे फिरकू देऊ नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. नुकसानीच्या भीतीने दोन दिवस थांबलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.