छंदघर : माथेरानची गाडी टेबलावर

प्रश्न : माझे यजमान मूळचे नेरळचे. गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाले. मुलगा जर्मनीत असतो, त्याने सुट्टीत येताना एचओ मापाचा रेल्वेचा सेट आणला : एक इंजिन, तीन डबे, रुळांचं एक वर्तुळ. काही दिवस गाडी गोल फिरवून झाली, मग यांनी सेट बाजूला ठेवला आणि म्हणाले, मला माथेरानची गाडी करायची आहे. हॉलमधल्या भिंतीलगतची सहा फूट जागा मी देऊ शकते. एवढ्यात जमेल का? आणि त्या जर्मन सेटचं काय करायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, जमेल. आणि तुमच्या यजमानांना काय करायचंय हे नेमकं ठाऊक आहे, ही या छंदातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. बहुतेक जण आधी सेट आणतात आणि मग त्यावर काय दाखवायचं याचा विचार करतात. त्यांच्याकडे गाव आधीपासून आहे.

पण माप बदलावं लागेल. मी सगळी नोकरी पी-वेमध्ये, म्हणजे रेल्वेच्या रुळांची देखभाल करणाऱ्या विभागात काढली, तेव्हा सुरुवात रुळापासूनच करतो. एचओ म्हणजे ८७ पट लहान. त्याच्या दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असतं. ८७ ने गुणा, १४३५ मिलिमीटर येतील. हे युरोपातलं गेज. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर आणि माथेरानचं ६१०, म्हणजे दोन फूट. एचओच्या हिशेबाने माथेरानच्या रुळांत अवघं सात मिलिमीटर अंतर हवं, आणि तसा तयार रूळ बाजारात सहज मिळत नाही. झेड या फार लहान मापाचा साडेसहा मिलिमीटरचा रूळ मिळतो, पण त्यावरची इंजिनं इतकी चिमुकली असतात की रुळावर धुळीचा कण आला तरी थांबतात. पहिल्याच कामाला मी ते सुचवणार नाही.

ब्रिटनमधल्या हौशी मंडळींनी यावर चांगली वाट काढून ठेवली आहे. तिला ओओ-नाइन म्हणतात. घरं, माणसं, डबे हे सगळं ७६ पट लहान करायचं आणि गाडी चालवायची नऊ मिलिमीटरच्या रुळावर. एन या एचओहून लहान मापाच्या गाड्यांचं गेजही नऊच, त्यामुळे चाकं आणि मोटर असलेला तयार सांगाडा मिळतो. वरची बॉडी आपण करायची. नऊला ७६ ने गुणलं तर ६८४ येतात, म्हणजे माथेरानपेक्षा रूळ थोडा रुंद पडतो. पण डबा पुढे उभा केला की डोळ्याला तो फरक जाणवत नाही. तुमच्या यजमानांनी हेच घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आता काय दाखवायचं. नेरळ ते माथेरान सुमारे वीस किलोमीटरची लाइन. ७६ पट लहान केली तरी २६० मीटरच्या वर जाते आणि डोंगराची उंची जवळपास दहा मीटर होते. तेव्हा सगळं माथेरान टेबलावर आणायच्या फंदात पडू नका. फक्त नेरळ करा : धाकट्या गाडीचा फलाट, आणि तिथून डोंगराकडे निघणारी लाइन वळणावर झाडीत शिरते तिथपर्यंत. जुम्मापट्टी, वॉटरपाइप, अमन लॉज ही पुढची स्टेशनं पाहणाऱ्याच्या मनात असतातच.

नेरळचंच नाव घेतो त्याला आणखी एक कारण आहे. तिथे मोठी लाइन आणि धाकटी लाइन शेजारी येतात, आणि जर्मन सेटचा उपयोग तिथेच होतो. त्यातले रूळ गोल आहेत, तेव्हा त्याच मापाचे सरळ रूळ टेबलाच्या मागच्या कडेला, भिंतीलगत टाका. पुढची गाडी ७६ पट लहान आणि मागची ८७ पट लहान, त्यामुळे मागची लाइन आहे त्याहून लांब भासते आणि सहा फुटांच्या टेबलाला खोली येते. रुळांसमोर फलाटाची भिंत उभी केली की गेजचा प्रश्न झाकला जातो. डबे मालगाडीचे असतील तर तांबूस तपकिरी रंगवून टाका. इंजिन मात्र रंगवू नका. लेकाने आणलेलं आहे, ते जसंच्या तसं काचेच्या कपाटात ठेवा.

जर्मनीचा धागा इथे संपत नाही. ही लाइन पीरभॉय घराण्याने बांधली आणि १९०७ साली सुरू झाली. तिची पहिली वाफेची इंजिनं ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कारखान्यातून आली होती. चाकांच्या तीन जोड्या, आणि घाटातली वळणं इतकी कडक की पुढचा आणि मागचा आस बाजूला सरकेल अशी रचना, तिचं नाव क्लीन-लिंडनर. मुलाला सांगा, या कारखान्याच्या छोट्या इंजिनांचे नऊ मिलिमीटरवर चालणारे नमुने तिकडे शोध. हुबेहूब माथेरानचं मिळेलच असं नाही, पण त्याच घराण्यातलं इंजिन मिळालं तर टाक्या आणि केबिन प्लॅस्टिकच्या शीटमधून कापून बदलता येतात.

घाटातला सगळ्यात कडक चढ वीसास एक आहे. म्हणजे चार फूट लांबीत तुमचा रूळ सुमारे अडीच इंच चढेल. छोट्या इंजिनाला दोन, फार तर तीन डबे ओढवतील, आणि इथल्या गाड्याही लहानच असतात. एक काळजी घ्या : सपाटीवरून एकदम चढ देऊ नका. पहिल्या फुटात अगदी हळू उचला, नाहीतर इंजिनाचं पोट टेकतं आणि कपलिंग सुटतं. आम्ही खऱ्या लाइनवरही चढाच्या दोन्ही टोकांना अशीच गोलाई देतो.

मातीसाठी दुकानात जाऊ नका. माथेरानची जांभ्याची लाल माती मूठभर आणा, मलमलच्या फडक्यातून गाळा, तव्यावर कोरडी भाजा. मग तिच्यावरून लोहचुंबक दोनतीनदा फिरवा, कारण त्या मातीत लोखंडाचे कण असतात आणि ते मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडा. साबणामुळे पाणी मातीत सरळ उतरतं. झाडांचे बुंधे जुन्या वायरमधली तांब्याची तार पिळून होतात, आणि वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचं गवत फार छान दिसतं.

आणि ताई, एकदा दोघं नेरळला जाऊन या. फलाटावरूनच फोटो काढा, रुळात उतरू नका. खांबांचे रंग, पाट्यांची अक्षरं, छपराचा उतार टिपून घ्या. यजमान तिथले आहेत, त्यांना कुठे काय होतं ते आठवेल. ते सांगतील ते तुम्ही वहीत लिहून ठेवा. हे काम दोघांचं झालं तर मला फार आनंद होईल.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॉडेल रेल्वेची आवड आहे, पण आमच्याकडे दुसरं कुणी हे करत नाही. एकट्याने करण्यात मजा येईल का?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : आधी पुण्याला जा. कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. सिग्नल, घाट, स्टेशनं, शहर, आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या. एका माणसाच्या ध्यासातून हे उभं राहिलं, हे डोळ्यांनी बघायला हवं.

पण एकटा राहू नकोस. गाड्यांवर जीव असणारी मुलं तुझ्या वर्गातही असतील, त्यांनी फक्त मॉडेलचा विचार केलेला नसतो. त्यांच्यासाठी टी-ट्रॅक नावाची पद्धत आहे. प्रत्येकाने आपापल्या घरी साधारण फूटभर लांबीचा, ३०८ मिलिमीटरचा एक खोका करायचा, त्यावर एन मापाचे दोन मार्ग ठरलेल्या जागी बसवायचे. मागच्या जागेत तुझं गाव, मित्राचा साखर कारखाना, काय हवं ते. एकत्र आलात की कॉलेजच्या टेबलांवर खोके जोडायचे आणि गाडी सगळ्यांच्या गावातून जाते. खर्च वाटला जातो, जागा लागत नाही, खोका कपाटावर राहतो. पुढे इतर गावांतली मंडळी भेटली तरी मापं तीच असल्याने जोडणी होते.

तू इंजिनिअरिंगचा आहेस म्हणून आणखी एक सांगतो. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९४६ साली विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वे क्लब सुरू झाला. टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच वापरून त्या मुलांनी गाड्यांचं नियंत्रण उभं केलं, आणि त्यांच्यातलेच काही जण पुढे संगणकाच्या पहिल्या पिढीतले नामी प्रोग्रॅमर झाले. तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत याहून कितीतरी चांगलं साहित्य पडून असेल. विभागप्रमुखांना भेट आणि एक खोली माग.

प्रश्न : दरवर्षी पावसाळ्यात माझी एन मापाची गाडी अडखळते. इंजिन बिघडलंय का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : इंजिनाला हात लावण्याआधी रूळ बघा. जुने पितळी रूळ असतील तर दमट हवेत त्यांच्यावर थर चढतो आणि त्यातून वीज नीट जात नाही. नवा रूळ घ्याल तेव्हा निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचाच घ्या. आत्ता आहे तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने पुसा आणि त्याच फडक्यावर इंजिनाची चाकं फिरवा. खरखरीत पॉलिश पेपर वापरू नका, त्याच्या चऱ्यांत मळ अधिक बसतो.

तरीही एखाद्याच जागी अडखळत असेल तर तिथला सांधा तपासा. कोकणात ओलाव्याने पाट फुगतो आणि सांधे ताणले जातात. दोन रूळ जोडणाऱ्या पत्रीवर विसंबू नका, प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र बारीक वायर डाखून द्या. पाटाच्या सगळ्या बाजूंना, तळालासुद्धा, वॉर्निशचे दोन हात मारा. हे काम मेमध्येच उरका.