ओपनडब्ल्यूआरटी टाकल्यापासून ३०० एमबीपीएसच्या जोडणीवर निम्माच वेग मिळतो. पूर्ण वेग कसा मिळवावा?

जुळे सोलापुरात आपण फायबरची ३०० एमबीपीएसची जोडणी घेतली आहे, टीपी-लिंक आर्चर सी७ या राउटरच्या दुसऱ्या आवृत्तीवर ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली बसवली आहे आणि मूळ फर्मवेअरवर, म्हणजे कंपनीने राउटरसोबत दिलेल्या प्रणालीवर, २९० पर्यंत जाणारा वेग आता १६०-१७० च्या पुढे सरकत नाही, असे आपण लिहिले आहे. सेवा देणाऱ्याचा यात दोष दिसत नाही आणि फर्मवेअर चुकीचे बसले आहे असेही नाही. सर्वाधिक शक्यता अशी आहे की, जे काम पूर्वी राउटरमधील वेगळे हार्डवेअर करत होते, ते आता एकट्या प्रोसेसरवर येऊन पडले आहे.

घरातील सर्व यंत्रे एकाच सार्वजनिक पत्त्यामागून इंटरनेटवर जातात. त्यासाठी राउटरला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरील, म्हणजे डेटाच्या लहान तुकड्यावरील, पत्ता बदलावा लागतो, हेच एनएटी. पॅकेट पूर्ण आकाराचे, म्हणजे १५०० बाइटचे असले, तरी ३०० एमबीपीएसला सेकंदाला सुमारे २५,००० पॅकेटे होतात. आपल्या राउटरमध्ये क्वालकॉमची क्यूसीए९५५८ ही चिप आहे आणि तिचा प्रोसेसर ७२० मेगाहर्ट्झचा, एकाच कोअरचा आहे. मूळ फर्मवेअर पत्ता बदलण्याचे काम हार्डवेअर एनएटीकडे सोपवते, त्यामुळे प्रोसेसर जवळजवळ मोकळा राहतो. या चिपच्या हार्डवेअर एनएटीला ओपनडब्ल्यूआरटीमध्ये आधार नाही. म्हणून प्रत्येक पॅकेट लिनक्सच्या फायरवॉलमधून पूर्ण वाटेने जाते. त्यातच आपली जोडणी युजरनेम-पासवर्डची, म्हणजे पीपीपीओई पद्धतीची आहे. तिचे वेष्टन चढवणे आणि उतरवणे हेही त्याच कोअरच्या माथी येते.

उपाय करण्यापूर्वी निदान पक्के करावे. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, त्यावर स्पीड टेस्ट सुरू करा आणि त्याच वेळी राउटरवर एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा देण्याच्या सोयीने, शिरून 'टॉप' ही आज्ञा चालवा. वरच्या ओळीतील 'एसआयआरक्यू' (पॅकेटे हाताळण्यात जाणाऱ्या वेळेची टक्केवारी) हा आकडा नव्वदीच्या वर आणि 'आयडल' (मोकळा वेळ) शून्याजवळ गेला, तर प्रोसेसरची क्षमता संपली असे खात्रीने समजावे. 'लोड अॅव्हरेज'कडे पाहून निष्कर्ष काढू नये, कारण पॅकेटांचे हे काम कर्नलच्या आत होते आणि त्या आकड्यात नीट उमटत नाही. स्पीड टेस्ट राउटरवरच चालवून पाहणेही टाळावे. तेथे डाउनलोड करण्याचा भार त्याच प्रोसेसरवर येतो आणि निकाल आणखी कमी दिसतो.

निदान खरे ठरले, तर लुसीमध्ये, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीच्या ब्राउझरमधील नियंत्रणपानावर, 'नेटवर्क' आणि त्याखालील 'फायरवॉल' या पानावर 'राउटिंग/एनएटी ऑफलोडिंग' हा विभाग उघडून 'सॉफ्टवेअर फ्लो ऑफलोडिंग' सुरू करावे. ही सोय ओपनडब्ल्यूआरटीच्या १८.०६ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. एखादी जोडणी प्रस्थापित झाली की तिची नोंद एका तक्त्यात ठेवली जाते आणि तिची पुढची पॅकेटे फायरवॉलचे सगळे नियम पुन्हा न तपासता त्या नोंदीवरून थेट पुढे पाठवली जातात. होटगी रस्त्यावरील एका कार्यालयाचे आणि काही नातेवाइकांच्या घरचे राउटर मी सांभाळतो; एक कोअरच्या जुन्या राउटरवर या एका खुणेने जेवढा फरक पडतो, तेवढा दुसऱ्या कशानेही पडलेला मी पाहिलेला नाही. शेजारचा 'हार्डवेअर' पर्याय आपल्या चिपवर उपयोगाचा नाही. 'पॅकेट स्टीअरिंग' आणि 'आयआरक्यूबॅलन्स' यांची शिफारस पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते, परंतु हे दोन्ही पर्याय कामाची वाटणी अनेक कोअरमध्ये करण्यासाठी आहेत. येथे कोअर एकच आहे.

आपण एसक्यूएम, म्हणजे पॅकेटांच्या रांगेचे नियोजन करणारी सोयही बसवली आहे, असे प्रश्नात ओझरते म्हटले आहे. ते बंद करून पुन्हा मोजावे, कारण माझ्या मते अर्धा घोटाळा तेथेच असू शकतो. मोठे डाउनलोड चालू असतानाही व्हिडिओ कॉल अडखळू नये, यासाठी एसक्यूएम प्रत्येक पॅकेट रांगेत लावते आणि वेग मुद्दाम मर्यादेत ठेवते. ऑफलोडिंग मात्र पॅकेटांना त्या तपशिलातून सोडवू पाहते. दोघांचा हेतूच परस्परविरुद्ध आहे. शिवाय एसक्यूएममधील 'केक' नावाच्या पद्धतीची रांग ३०० एमबीपीएसला चालवणे या प्रोसेसरच्या आवाक्याबाहेरचे आहे. घरात कोणी दिवसभर ऑनलाइन बैठका घेत असेल, तर मी स्वतः कमी वेग पत्करून एसक्यूएम ठेवीन. तसे नसेल, तर ते काढून ऑफलोडिंग ठेवीन. ऑफलोडिंग सुरू असताना प्रत्येक यंत्राचा डेटावापर मोजणारी साधने चुकीचे आकडे दाखवतात, हेही ध्यानात असू द्यावे.

केबलचा आपल्याला सध्या त्रास दिसत नाही, कारण वेग नेमका ९४-९५ वर अडकला असता तरच पोर्ट १०० एमबीपीएसवर जोडला गेल्याचा संशय घेता आला असता. गिगाबिटसाठी केबलमधील तारांच्या चारही जोड्या शाबूत लागतात. आपल्याकडे गच्चीवरून उघडी आणलेली केबल उन्हाळ्यात तडकते, म्हणून 'नेटवर्क' खालील 'स्विच' या पानावर पोर्टपुढे १००० लिहिलेले आहे ना, ते एकदा पाहून घ्यावे.

वायफायची तपासणी केबलवरचा वेग सुधारल्यानंतरच करावी. देश म्हणून भारत निवडावा, ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झची रुंदी आणि ३६ किंवा १४९ हा चॅनेल ठेवावा, आणि सुरक्षेत टीकेआयपी ही जुनी सांकेतीकरण पद्धत असल्यास ते काढून टाकावे, कारण त्यासह जोडणी जुन्या ५४ एमबीपीएसच्या दरांवर घसरते. २.४ गिगाहर्ट्झवर ३०० ची अपेक्षा ठेवू नये.

एवढे करूनही वेग अपुरा राहिला, तर पीपीपीओई ओएनटीमध्येच, म्हणजे फायबर जिथे येऊन जोडली जाते त्या डब्यातच, करून देण्याची विनंती सेवा देणाऱ्याकडे करता येईल. त्याने प्रोसेसरचा भार उतरतो, परंतु एनएटी दोनदा होते आणि बाहेरून घरातील कॅमेरा पाहण्यासारख्या गोष्टी अवघड होतात. मला त्यापेक्षा राउटर बदलणे अधिक योग्य वाटते. मीडियाटेकच्या एमटी७६२१ किंवा फिलॉजिक मालिकेतील एमटी७९८१ या चिपांवर ओपनडब्ल्यूआरटीतही हार्डवेअर ऑफलोडिंग चालते. खरेदी करताना केवळ मॉडेलचे नाव पाहू नये. आर्चर सी६ च्या दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप आहे, तर तिसऱ्या आवृत्तीत एमटी७६२१ आहे. खोक्यावरील चित्र पाहून हे कळत नाही, म्हणून दुकानदाराला राउटर उलटा करून तळाच्या लेबलवरील आवृत्ती क्रमांक दाखवायला सांगावे.